जुना कोड, नवं बिल: सॉफ्टवेअरमधल्या रीयूजबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात मी सॉफ्टवेअरची कोटेशनं आणि करार तपासून देतो, दोन्ही बाजूंसाठी. कधी इतवारीतला व्यापारी फाइल घेऊन येतो, कधी रामदासपेठेतले डॉक्टर, कधी आयटी पार्कजवळ चार खुर्च्यांचं ऑफिस थाटलेली पोरं. तक्रारीचा सूर ठरलेला असतो. एक म्हणतो, "भाऊ, यानं दुसऱ्याचंच सॉफ्टवेअर नाव बदलून दिलं आणि बिल नव्याचं लावलं." दुसरा म्हणतो, "सहा महिने रात्री जागलो, आणि हे म्हणतात सगळं जुनंच आहे." बरेचदा दोघंही खरं बोलत असतात. त्यातून रीयूजबद्दल, म्हणजे जुना कोड पुन्हा वापरण्याबद्दल, परत परत येणारे प्रश्न इथे लिहून ठेवले आहेत. क्रमानं वाचायची गरज नाही, तुमचा प्रश्न शोधा.

ऐंशी टक्के कोड जुना असेल तर त्याला नवीन डेव्हलपमेंट म्हणता येतं का?

येतं. आणि कधी कधी काम नुकतंच केलेलं असूनही म्हणता येत नाही. टक्क्यांवर ते ठरतच नाही. दोन उदाहरणं देतो, दोन्ही इथल्या कुठल्याही ठोक व्यापाऱ्यानं भोगलेली.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. बिलिंग सॉफ्टवेअरमधली पार्ट्यांची खाती, मालाची यादी, स्टॉक, उधारी, प्रिंटिंग हे होतं तसंच राहिलं. पण व्हॅटच्या एका रकान्याच्या जागी केंद्राचा, राज्याचा आणि आंतरराज्य असे कर आले. गांधीबागेतून निघालेला कपडा अमरावतीला चालला की छिंदवाड्याला, यावर कर कुठला ते ठरू लागलं. मालाच्या वर्गवारीचा एचएसएन कोड आला. परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट रिटर्नमध्ये कशी जाणार, ते नव्यानं बसवावं लागलं. ओळी मोजल्या तर बहुतेक कोड जुना. तरी ते नवीन डेव्हलपमेंटच होतं, कारण कर ठरवण्याची रीतच बदलली होती.

आता २२ सप्टेंबर २०२५ घ्या. १२ आणि २८ टक्क्यांचे स्लॅब गेले, बहुतेक माल ५ किंवा १८ टक्क्यांत आला. ज्यानं दर एका टेबलमध्ये ठेवले होते त्यानं टेबल बदललं, लागू होण्याची तारीख टाकली आणि दुपारच्या चहाआधी मोकळा झाला. याला डेव्हलपमेंट म्हणून बिल लावणं म्हणजे पंखा पुसून नव्या पंख्याचे पैसे मागणं.

माझ्यासमोर असंच एक बिल आलं होतं, त्यात या कामाला 'नवीन जीएसटी मॉड्यूल' म्हटलं होतं. खोदून विचारल्यावर कळलं की दर कोडमध्ये जागोजागी हातानं लिहून ठेवलेले होते आणि ते शोधण्यात बिचाऱ्याचे खरोखर दहा दिवस गेले. मेहनत खोटी नव्हती. पण ती स्वतःच्याच जुन्या आळसाची भरपाई होती, ती ग्राहकानं काहून द्यावी?

मग ओळींवरून नाही, तर कशावरून ठरवायचं?

मी दोन गोष्टी विचारतो. या कामात नव्यानं काय ठरवावं लागलं? आणि नव्यानं काय तपासावं लागलं? दोन्हींचं उत्तर 'काही नाही' असेल तर ते डेव्हलपमेंट नाही, जुनं सॉफ्टवेअर नव्या जागी बसवून देणं आहे. त्याचे पैसे जरूर घ्यावेत, पण बसवण्याचे.

आणखी एक गुंता आहे. 'नवं' हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी वेगळा असतो. दुकानदाराला जी सोय काल नव्हती ती आज मिळाली, म्हणजे नवं. प्रोग्रामरला जे स्वतः लिहिलं ते नवं. वकील विचारतो मालकी कोणाची, सीए विचारतो हा खर्च मालमत्तेत टाकायचा की दुरुस्तीत. टेस्टरला तर जागा बदलली की जुनाही कोड नवाच. म्हणून करारात 'संपूर्ण नवीन सॉफ्टवेअर' असं लिहू नका. त्याऐवजी तीन याद्या जोडा: तयार आणलेलं, बदलून वापरलेलं, या कामासाठी लिहिलेलं. एवढ्या एका कागदानं वाचलेली भांडणं मी पाहिली आहेत.

लोगो आणि रंग बदलून दिलेलं सॉफ्टवेअर?

ते लायसन्सच्या भावानं घ्या. वाईट सौदा असेलच असं नाही. धंतोलीतल्या दहा दवाखान्यांत चाललेलं अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर अकराव्याला स्वस्तात आणि लवकर मिळतं, शिवाय त्यातले खाचखळगे आधीच्या दहांनी बुजवलेले असतात. वाईट इतकंच की ते 'तुमच्यासाठी खास बनवलं' म्हणून विकलं जातं.

दुसरीकडचा कोड वापरणं म्हणजे आळस किंवा चोरीच नाही का?

सावजीच्या खानावळीत मसाला एकच वाटला जातो. म्हणून अंडाकरीला कोणी मटणाची दुरुस्ती म्हणत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये हे सुरुवातीपासून चालत आलं आहे. केंब्रिजच्या एडसॅक कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी १९५१ मध्येच प्रोग्रामिंगवर पुस्तक काढलं, आणि त्याचा गाभा तयार सबरुटीनची, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या छोट्या प्रोग्रामांची, लायब्ररी हाच होता. १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथल्या नाटोच्या परिषदेत डग मॅकिलरॉय यांनी मांडलं की कारखान्यात सुटे भाग तयार मिळतात तसे सॉफ्टवेअरचेही मिळायला हवेत. आज कोणीही लॉगिन, डेटाबेस किंवा पीडीएफ छापायचा कोड मुळापासून लिहीत नाही, आणि लिहीत असेल तर मी त्याला काम देऊ नका असंच सांगेन. चोरीचा प्रश्न परवानगीचा आहे. तो खाली कॉपीराइटच्या प्रश्नात येतो.

तयार लायब्ररी, स्वतःचं जुनं मॉड्यूल आणि कॉपी-पेस्ट हे सगळं सारखंच ना?

अजिबात नाही, आणि पैशाचा सगळा घोळ इथेच होतो.

नासाच्या गोडार्ड केंद्रातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग लॅबोरेटरीनं बरीच वर्षं आपल्या प्रकल्पांची बारकाईनं नोंद ठेवली. त्यांनी कोडचे चार भाग पाडले: नवा लिहिलेला, बराच बदललेला, थोडा बदललेला आणि जसाच्या तसा घेतलेला. थोडा आणि बराच यांच्यातली रेघ २५ टक्के बदलावर. रिचर्ड सेल्बी यांनी तिथल्या २५ प्रकल्पांचा अभ्यास केला. प्रकल्प ३,००० पासून १,१२,००० ओळींपर्यंतचे होते आणि त्यांत सरासरी ३२ टक्के भाग जुन्या प्रकल्पांतून जसाच्या तसा किंवा बदलून आणलेला होता. जसाच्या तसा घेतलेल्या भागात चुका सगळ्यांत कमी निघाल्या, हे अपेक्षितच होतं. लक्षात ठेवायची गोष्ट पुढे आहे. चूक शोधायला आणि दुरुस्त करायला सगळ्यांत जास्त मेहनत लागली ती मोठे बदल करून वापरलेल्या भागांत. मुळापासून लिहिलेल्या भागांपेक्षाही जास्त.

कोणाचा तरी जुना कोड घेऊन त्याला ठोकून-ठाकून वाकवायचं, हा स्वस्तातला मार्ग वाटतो. भिंती पाडून जुन्या घराला नवा नकाशा बसवण्यासारखं ते काम आहे. लिहिणाऱ्यानं काय गृहीत धरलं होतं ते कोडमध्ये लिहिलेलं नसतं, आणि तो माणूस बहुतेक वेळा पुण्याला निघून गेलेला असतो.

म्हणून मला कोणी 'आमच्याकडे तयार मॉड्यूल आहे, थोडे बदल करू' असं म्हटलं की मी विचारतो, थोडे म्हणजे किती फाइलींत? चौथ्या भागाच्या वर जात असेल तर नव्यानं लिहिण्याचं एस्टिमेटही सोबत मागवा. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा.

कोटेशनमध्ये जुन्या कोडचे पैसे किती धरावेत? शून्य धरले तर?

शून्य धरलेत तर काम करणारा बुडेल, आणि मग तुमचंही काम अर्ध्यात राहील. पूर्ण धरलेत तर तुम्ही बुडाल. मधला हिशेब बॅरी बोहम यांनी १९८१ मध्ये कोकोमो नावाच्या पद्धतीत मांडला, आणि तो कागद-पेन्सिलीनं करता येतो.

आणलेल्या कोडबद्दल तीन टक्केवाऱ्या काढायच्या. डिझाइन किती टक्के बदललं, कोड किती टक्के बदलला, आणि नव्या प्रणालीत जोडून तपासायला, मुळापासून लिहिलं असतं तर जेवढी मेहनत लागली असती तिच्या किती टक्के लागेल. पहिलीला ०.४ नं गुणायचं, बाकी दोघींना ०.३ नं, आणि बेरीज करायची.

समजा २०,००० ओळींचं जुनं स्टॉकचं सॉफ्टवेअर आणलं. डिझाइन १० टक्के बदललं, कोड २० टक्के, जोडणी आणि तपासणी ५० टक्के. म्हणजे ४ अधिक ६ अधिक १५, एकूण २५ टक्के. २०,००० जुन्या ओळी मेहनतीच्या मापात ५,००० नव्या ओळींएवढ्या झाल्या. त्यात खास तुमच्यासाठी लिहिलेल्या ३,००० ओळी मिळवा. काम ८,००० ओळींचं. कोटेशन २३,००० ओळींचं असेल तर हात आखडा, आणि ३,००० ओळींचंच असेल तर त्याहून जास्त सावध व्हा.

आता डिझाइन आणि कोड दोन्हींना हातही लावला नाही असं धरा. तरी जोडणीचे १५ टक्के उरतातच, म्हणजे ३,००० ओळींएवढं काम. 'जसाच्या तसा वापरला, मग पैसे कशाचे?' या प्रश्नाचं उत्तर या १५ टक्क्यांत आहे. पुढे कोकोमोच्या दुसऱ्या आवृत्तीत बोहम आणि सहकाऱ्यांनी त्यात आणखी भर घातली: जुना कोड समजून घ्यायला किती जड आहे आणि तो वापरणाऱ्याला किती अनोळखी आहे. ज्यानं कोणी कागदपत्रं नसलेलं सॉफ्टवेअर वारशात घेतलं असेल त्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

नासाच्या त्याच लॅबोरेटरीचा ठोकताळा आणखी सोपा होता: नव्या ओळी पूर्ण धरा, वापरलेल्या जुन्या ओळींचा २० टक्के भाग धरा. घाईत मीही हाच वापरतो.

ओळींऐवजी फंक्शन पॉइंटनं मोजलं तर वाद मिटेल?

एक वाद मिटेल, दुसरा उभा राहील. आयबीएमच्या अ‍ॅलन अल्ब्रेक्ट यांनी १९७९ मध्ये मांडलेली ही पद्धत वापरणाऱ्याला काय मिळालं ते मोजते: किती फॉर्म, किती रिपोर्ट, किती माहिती साठवली. आत कोड नवा आहे की जुना, याच्याशी तिला देणंघेणं नाही. त्यामुळे आकार तोच राहतो आणि रीयूज करणाऱ्याची मेहनत कमी होते. दर फंक्शन पॉइंटवर ठरला असेल तर रीयूजचा सगळा फायदा व्हेंडरच्या खिशात जातो. हे अन्यायाचं नाही, पण दर ठरवताना दोघांनाही माहीत असावं.

चालू सॉफ्टवेअरमधल्या सुधारणांसाठी याच पद्धतीत वाढवलेली, बदललेली आणि काढून टाकलेली कामं वेगवेगळी मोजतात. काढून टाकलेलंही मोजतात, हे ऐकून ग्राहक नेहमी चमकतो. पण चालत्या सॉफ्टवेअरमधून काही सुखरूप काढणं हेही काम आहेच.

जुना कोड वर्षानुवर्षं चाललेला आहे. मग पुन्हा टेस्टिंगचे पैसे कशाला?

४ जून १९९६ ला युरोपचं एरियान ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात, निघाल्यावर सुमारे ४० सेकंदांत फुटलं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियान ४ वरून घेतलं होतं, आणि तिथे ते नीट चालत होतं. पण नवं रॉकेट आडव्या दिशेनं कितीतरी जास्त वेगानं जात होतं. त्या वेगाचा ६४ बिटांचा आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही. राखीव यंत्रणेतही तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे तीही त्याच कारणानं बंद पडली. गंमत म्हणावी की दुर्दैव, ज्या हिशेबात ही चूक झाली त्याची एरियान ५ ला उड्डाणानंतर गरजच नव्हती. जुन्या रॉकेटची सवय म्हणून तो चालू राहिला होता. आणि नव्या रॉकेटचा मार्ग टाकून ते सॉफ्टवेअर कोणी तपासलंच नव्हतं.

त्याच्या दहा वर्षं आधी थेरॅक-२५ या कॅन्सरच्या किरणोपचार यंत्रानं १९८५ ते १९८७ दरम्यान सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली, त्यांत मृत्यूही झाले. त्यातला काही कोड आधीच्या यंत्रांतून आलेला. चूक थेरॅक-२० मध्येही होती, पण तिथे वेगळी यांत्रिक सुरक्षा असल्यामुळे कोणाला इजा झाली नाही. नव्या यंत्रात ती सुरक्षा काढून सगळा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला होता.

इतकं मोठं उदाहरण नको असेल तर माझंच सांगतो. नोकरीत असताना मी मंडईतल्या एका अडत्याचं बिलिंग सांभाळायचो. जुलै २०१६ मध्ये राज्यानं ठरवलं की फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची. जुन्या कोडमध्ये ती शेतकऱ्याच्या पट्टीतून वजा व्हायची. मला वाटलं, एका वजाबाकीची जागा बदलायची आहे, अर्ध्या दिवसाचं काम. पट्टी बरोबर छापली जाऊ लागली. पण तीच रक्कम जुन्या कोडमध्ये रोजमेळातून उधारीच्या यादीकडेही जात होती, आणि खरेदीदाराच्या खात्यात अडत दोनदा पडत राहिली. आठवडाभर कोणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं तेव्हा मला पहाटे पाचला कळमन्याला उभं राहून एकेका खरेदीदाराचं खातं हातानं दुरुस्त करावं लागलं, आणि आजूबाजूचे हमाल मजा बघत होते. मी बदललेली ओळ एक होती, तपासायला हवं होतं सगळं.

म्हणून कोटेशनमधली टेस्टिंगची ओळ खोडू नका. तिथे काय तपासणार ते मात्र लिहून घ्या. 'जुनं मॉड्यूल पुन्हा तपासणे' पुरेसं नाही. 'तुमच्या मालावर, तुमच्या मापात, तुमच्या मार्च महिन्याच्या डेटावर तपासणे' असं हवं.

पैसे मी दिले, मग सोर्स कोड माझाच ना?

असं धरून चालू नका. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम ही साहित्यकृती धरली जाते. नोकरीत असलेल्या माणसानं कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, मालकाचा. बाहेरच्या कंपनीला किंवा फ्रीलान्सरला काम दिलंत तर मात्र कॉपीराइट लिहिणाऱ्याकडेच राहतो, जोवर तो लेखी करारानं तुमच्या नावे होत नाही. त्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कितीतरी करारांत या दोन ओळी नसतात, आणि सहाव्या वर्षी लोक माझ्याकडे येतात.

वर सांगितलेल्या तीन याद्या इथे पुन्हा कामाला येतात. खास लिहिलेल्या भागाची मालकी मागा. व्हेंडरच्या जुन्या भागाची मालकी तो देणार नाही, आणि का द्यावी, त्यावरच त्याचं घर चालतं. त्याचा कायम वापरायचा आणि गरज पडल्यास दुसऱ्याकडून बदलून घ्यायचा परवाना मात्र लेखी घ्या. दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये फेरफार करून नवी आवृत्ती काढणं हाही मूळ लेखकाचाच हक्क असतो.

जुन्यावर रचलेल्या कोडला स्वतंत्र कॉपीराइट मिळतो का?

घातलेल्या भरीला मिळू शकतो, मूळ भागावर त्यानं हक्क येत नाही. भर किती हवी? ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नुसता घाम गाळणं पुरेसं मानलं नाही. कौशल्य, निर्णयबुद्धी आणि थोडी तरी सर्जकता हवी असं म्हटलं. तो खटला निकालपत्रांच्या संपादनाचा होता, पण तत्त्व साहित्यकृतीचं आहे. नाव बदलणं, ओळी इकडच्या तिकडे करणं यानं काही साधत नाही.

अमेरिकेतला गुगल विरुद्ध ओरॅकल खटला लोक इथे हमखास काढतात. ५ एप्रिल २०२१ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या सुमारे ११,५०० ओळी घेणं हा न्याय्य वापर ठरवला. पण त्या ओळी फक्त घोषणांच्या, म्हणजे कुठलं काम कुठल्या नावानं बोलवायचं ते सांगणाऱ्या, होत्या, आतलं काम करणारा कोड गुगलनं स्वतः लिहिला होता. 'गुगलनं घेतला तर मीही घेतो' एवढं त्यातून निघत नाही.

ओपन सोर्स फुकट आहे. मग त्यात बघायचं काय?

परवाना बघायचा आणि ताजेपणा बघायचा. एमआयटी किंवा अपाची परवान्याचा कोड बंद सॉफ्टवेअरमध्येही चालतो, फक्त नावं आणि सूचना काढून टाकू नका. जीपीएल परवान्याचा कोड मिसळून तयार केलेला प्रोग्राम तुम्ही ग्राहकाला दिला, तर त्याच अटींवर त्याला सोर्सही द्यावा लागतो. साऱ्या जगाला वाटावा लागतो हा गैरसमज आहे. ज्याला प्रोग्राम दिला त्याला द्यायचा. मात्र पुढे तो कोणालाही देऊ शकतो.

ताजेपणाचं म्हणाल, तर मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाची ११ ओळींची लायब्ररी तिच्या लेखकानं काढून घेतली आणि जगभर हजारो प्रकल्पांची बांधणी अडली. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीत सुरक्षेचं मोठं भगदाड सापडलं. तेव्हा खरी पंचाईत दुरुस्तीची नव्हती, आपल्याकडे ती कुठे कुठे बसली आहे हेच बहुतेकांना ठाऊक नव्हतं. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेनं ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी कशी ठेवावी याची मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती याच कारणानं. औषधाच्या पट्टीवर घटक छापलेले असतात तशी ती यादी. डिलिव्हरीच्या दिवशी मागा.

जीएसटी वेगळा लागतो का, नव्या कामाला आणि बदलाला?

नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत सॉफ्टवेअरचं डेव्हलपमेंट, डिझाइन, प्रोग्रामिंग, कस्टमायझेशन, अ‍ॅडाप्टेशन, अपग्रेडेशन हे सगळं एकाच ओळीत 'सेवा' म्हणून आलं आहे. १८ टक्के. इथे तरी भांडू नका.

आणि हिशेबाच्या वहीत?

सीएला विचारा. मोघम सांगायचं तर लेखामानक २६ प्रमाणे, आधी धरलेल्या क्षमतेपेक्षा सॉफ्टवेअर जास्त फायदा देऊ लागेल असा खर्च मालमत्तेत जातो. आहे ते चालू ठेवण्याचा खर्च त्या वर्षीच्या खर्चात. त्यालाही कोडच्या ओळींशी कर्तव्य नाही. बिलावर दोन कामं एकाच ओळीत लिहिली की सीए वैतागतो, एवढं मात्र खरं.

सरकारी टेंडरमध्ये 'नवीन विकास' लिहिलंय. जुनं मॉड्यूल वापरलं तर अपात्र ठरू का?

टेंडरमधला शब्द वाचा आणि बोली भरण्याआधीच्या प्री-बिड बैठकीत लेखी प्रश्न विचारा. तोंडी उत्तरावर बोली लावू नका. सरकारचं धोरण मुळात रीयूजच्या विरोधात नाही. सरकारी अ‍ॅप्लिकेशनचा सोर्स कोड खुला करून एकमेकांना वापरू द्यायचं धोरण केंद्रानं २०१५ मध्येच काढलं आणि २०१७ मध्ये त्यासाठी ओपनफोर्ज हा मंच आला. जिल्ह्यांच्या कितीतरी सरकारी वेबसाइट एनआयसी या केंद्राच्या आयटी संस्थेच्या एसथ्रीवॉस नावाच्या एकाच वेबसाइट-साच्यावर उभ्या आहेत. वर्धा, भंडारा, चंद्रपूर प्रत्येकानं वेगळी लिहून घेतली असती तर करदात्याचंच गेलं असतं. लपवणं महागात पडतं. 'आमचं जुनं मॉड्यूल वापरणार' असं बोलीतच लिहिणारा मी तरी अपात्र ठरलेला पाहिलेला नाही.

मी नोकरीत जुन्या सिस्टिममध्ये बदल केले. रेझ्युमेवर 'डेव्हलप केलं' लिहू का?

तुमचा भाग लिहा: 'चालू पेरोल सिस्टिममध्ये पीएफचा हिशेब नव्यानं लिहिला.' नागपूरच्या मिहानमधल्या कुठल्याही मोठ्या कंपनीत बहुतेकांचं काम याच जातीचं असतं. ते कमी प्रतीचं नाही. दुसऱ्याचा लाख ओळींचा कोड न मोडता बदलता येणारा माणूस शोधायला लोकांना वेळ लागतो. 'पूर्ण सिस्टिम मी बनवली' म्हटलंत तर दुसऱ्या प्रश्नालाच पकडले जाल.

फायनल इयरची मुलंही हाच प्रश्न विचारतात. तयार प्रोजेक्ट विकत घेऊन नाव बदलणं ही फसवणूक आहे, त्यात काही बारकावा नाही. ओपन सोर्सवर उभारून काय घेतलं आणि काय घातलं ते अहवालात लिहिणं ही मात्र इंजिनिअरिंगची रीत आहे.

एआयनं लिहून दिलेला कोड कुठल्या यादीत टाकायचा?

मी तो 'बदलून वापरलेलं' या यादीत टाकायला सांगतो. तो कोणी वाचला आणि कोणी तपासला त्याचं नाव शेजारी हवं. टायपिंग वाचलं म्हणून दर उतरावा हे रास्त आहे. तपासणीचा दर उतरवू नका.

आमच्याकडे सापडलेला बग व्हेंडरच्या सामायिक मॉड्यूलमध्ये होता. दुरुस्तीचं बिल आम्हाला का?

हा प्रश्न हल्ली सगळ्यांत जास्त येतो. चूक आणलेल्या भागात असेल तर ती व्हेंडरनं स्वखर्चानं काढावी, कारण तीच दुरुस्ती तो बाकीच्या वीस ग्राहकांकडेही नेणार आहे. ती चूक तुमच्यासाठी केलेल्या बदलामुळे उघडी पडली असेल तर वॉरंटीच्या काळात तो, नंतर एएमसीमधून, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारातून. आणि तुम्हीच सांगून त्याच्या मॉड्यूलला तुमच्या सोयीनं वाकवायला लावलं असेल, तर त्या दिवसापासून ते त्याचं सामायिक मॉड्यूल उरलं नाही. त्याच्या पुढच्या आवृत्त्या तुमच्यावर आपोआप बसणार नाहीत, आणि प्रत्येक वेळी जुळवून घेण्याचे पैसे तुम्हाला मोजावे लागतील. वाकवायला सांगण्याआधी हा खर्च विचारून घ्या. कोटेशनमध्ये तो कधीच छापलेला नसतो. मी तो मागच्या कोऱ्या बाजूवर पेननं लिहून दोघांच्या सह्या घेतो.